हरणाऱ्याच्या बाजूचा पंच

बायकोला जाऊन वर्ष झालं तेव्हा जबलपूरच्या ग्वारीघाटावर पंडितानं मला विचारलं, "आपके यहाँ कैसे होता है?" म्हणजे तीळ आधी की तांदूळ आधी. मी म्हटलं, महाराज, दक्षिणा तुम्ही घेणार, तुम्हीच सांगा. तो म्हणाला, परंपरा यजमानाची असते, मी फक्त मंत्र म्हणतो. माझा साळा ओल्या धोतरात शेजारी कुडकुडत होता. तो म्हणाला, "आमच्याकडे तीळ आधी." मी म्हणालो, "आमच्याकडे तांदूळ." खरं म्हणजे दोघांनाही काही ठाऊक नव्हतं. दोन्ही घरांत काय कसं होतं हे जिला माहीत होतं, तिचंच श्राद्ध चाललं होतं. आमचं लांबत चाललं तशी नावेतून एक नावाडी ओरडला, "अरे दादा, दोनों साथ में डाल दो, नर्मदा जी सब समझती हैं!" तसंच केलं.

हे आधी सांगितलं ते यासाठी की पुढं जे झालं ते सगळं याच तऱ्हेचं आहे. मी चौथीपर्यंत शिकलो. जन्मभर सराफ्यात बसून दुसऱ्यांचे दागिने उजळले. लिहिताना नक्षी काढता येत नाही, घासायचं तेवढं येतं.

तर साळा. बायकोचा धाकटा भाऊ, नागपूरला असतो. कापडाच्या दुकानात गज हातात धरून म्हातारा झाला, त्यामुळे प्रत्येक गोष्ट मोजून मागायची सवय. माझा आजा वर्ध्याकडून इकडे आला होता. पुढं राज्यांच्या वाटण्या झाल्या, नागपूर तिकडे गेलं आणि जबलपूर इकडे राहिलं, पण आमच्यातल्या सोयरिकी नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडून चालूच राहिल्या. मीही बायको तिकडूनच आणली. तिच्याबरोबर तिच्या बापानं बुद्धिबळाचे मोहरे दिले. लाकडी, लाखेचा रंग दिलेले, अर्धे लाल अर्धे हिरवे, मखमली पिशवीत. जावयाला घड्याळ आणि मुलीला मोहरे, हे पाहून माझ्याकडची मंडळी हसली होती. घड्याळ पहिल्याच वर्षी बंद पडलं.

घाटावरून घरी आलो, जेवणं झाली, आणि साळ्यानं विषय काढला.

"भाऊजी, एक बोलू? रागवाल."

"रागवीनच. बोल."

"बाबांनी ताईला मोहरे देताना काय म्हटलं होतं, आठवते ना तुम्हाला?"

मला आठवत होतं. मांडवात सगळ्यांसमोर म्हातारा म्हणाला होता, "पोरी, हे तुझे, खेळशील तोवर."

"मग?" मी म्हटलं.

"मग काय! खेळशील तोवर. आता ताई खेळत नाही. आता ते माहेरी परत आले पाहिजेत."

माझ्या हातात सुपारी होती, ती तशीच राहिली. त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही घरात कोणाला सांगितलं नव्हतं, की मी रोज दुपारी पट मांडतो. हिरवे माझ्याकडे, लाल समोर. आधी माझी चाल खेळतो. मग उठून समोर जाऊन बसतो आणि ती काय खेळली असती ते खेळतो. गुडघे दुखतात, पण बसल्या जागेवरून तिची चाल सुचत नाही, पलीकडे जावंच लागतं. दोन्हीकडून मीच खेळतो आणि तरी जिंकते तीच. दिवसाचा तेवढाच भाग बरा जातो. बाकीचा दिवस म्हणजे गिळायचं आणि पडायचं.

हे सगळं त्याला कसं सांगणार? म्हटलं, "देणार नाही. खेळ चालू आहे अजून."

"कोणाचा?"

"तुला काय करायचं?"

"असं कसं? तुम्ही एकटे कोणाशी खेळून राहिले?"

मी सुपारी तोंडात टाकली. सून ताटं उचलत होती, ती थबकली. आमची सून जबलपूरचीच, हिंदी घरातली. मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र अंधारात पायरी शोधावी तसं शब्द शोधते. घरी बसून कॉम्प्युटरचं काम करते. दिवसभर कानाला यंत्र लावून कुठल्या कुठल्या शहरातल्या माणसांशी भांडते आणि त्याचा तिला पगार मिळतो. माझ्या मते हे काम सासूकडूनच शिकली असावी, पण ते असो.

ती म्हणाली, "बाबूजी, मामाजी, आप दोनों एक बाज़ी खेल लो ना. जो जीतेगा, मोहरे उसके."

साळा लगेच ताठ बसला. मीही. पण मग दोघांच्याही मनात एकच अडचण आली आणि दोघंही एकमेकांकडे पाहायला लागलो. पंच कोण?

ही गोष्ट समजावून सांगितली पाहिजे. आम्ही देशी बुद्धिबळ खेळतो. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं. राजाला जन्मात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. आणि सगळे मोहरे मारले जाऊन राजा एकटा उरला तर त्याला मात करत नाहीत, डाव तिथंच थांबतो. त्याला बुर्ज म्हणतात, समोरच्याची अर्धी जीत. एवढं सगळ्यांना मान्य असतं. पण राजावर एकदा शह येऊन गेला तर त्याची उडी जाते की राहते? शह आला तेव्हा मधात मोहरा घालून वाचवला, राजा जागचा हललाच नाही, मग? एका राजाजवळ एकच मोहरा उरला असेल तर तो मारायचा की नाही मारायचा? याची उत्तरं गावागणिक वेगळी, घरागणिक वेगळी. साळा आला की आम्ही दोघं खेळायचो, तो पाहुणा म्हणून लाल घ्यायचा, आणि दर खेपेला याच्यावरून जुंपायची. मग आम्ही हाक मारायचो. ती आतून, पोळी लाटता लाटता, पटाकडे न बघता निकाल द्यायची. "राहते उडी. खेळा." किंवा "गेली. गप बसा." निकाल आला की संपलं. तिच्यापुढं अपील नव्हतं.

आता आतून निकाल देणारं कोणी नव्हतं. साळा म्हणाला, "तुमचा मुलगा पंच झाला तर तो तुमच्याकडून बोलेल." मी म्हटलं, "आणि तुझा झाला तर तो तुझ्याकडून." सून म्हणाली, "कंप्यूटर किसी का बेटा नहीं है. उसको रेफरी बना देती हूँ."

आधी तिनं मोबाइलमधला तयार खेळ लावून दाखवला. साळ्यानं राजाला उडी मारायला लावली, तर मोबाइल टुंग वाजला आणि राजा परत जागेवर जाऊन बसला. त्यानं पुन्हा उडी मारली, पुन्हा टुंग. "याला काही येत नाही," साळा म्हणाला. मी म्हटलं, "तो विलायती आहे. त्याचा राजा उड्या मारत नाही, किल्ल्यात लपतो." तेव्हा सून म्हणाली की मी स्वतः बनवते, तुम्ही फक्त नियम सांगा, एकेक करून, पक्के.

पक्के! तिला कल्पना नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी चहा झाल्यावर ती मांडीवर कॉम्प्युटर घेऊन बसली आणि आम्ही दोघं पुढं, कोर्टात उभे राहावं तसे. प्याद्यांचं, हत्तीचं, उंटाचं भराभर झालं. मग ती म्हणाली, "राजा की छलाँग. शह लगा, बीच में मोहरा रख दिया, राजा हिला नहीं. अब छलाँग है कि नहीं?"

"नाही," मी म्हणालो.

"आहे," साळा म्हणाला.

"अरे, तुझ्या ताईनंच सांगितलं होतं. मी मधात घोडा घातला होता, मग उडी मारायला गेलो, तर आतून म्हणाली, गेली उडी. मी तो डाव हरलो!"

"आणि मी मधात उंट घातला होता तेव्हा ताईच म्हणाली, राहते उडी, खेळ. मी वाचलो त्या दिवशी!"

"खोटं बोलून राहिला."

"ताईच्या श्राद्धाला आलो आणि खोटं बोलू?"

"मग काय मी खोटं बोलतो?"

"तुम्ही नेहमीच बोलता, पण आता त्याचं काही नाही."

सून दोघांकडे बघत होती, बोटं कॉम्प्युटरवर तशीच थांबलेली. म्हणाली, "बाबूजी, कंप्यूटर को एक ही बात बतानी पड़ती है. आपके यहाँ होता कैसे है?"

घाटावरच्या पंडिताचंच वाक्य. मला एकदम हसू आलं, आणि हसू आलं म्हणून राग आला. एवढं मोठं यंत्र, जगातलं सगळं त्याला माहीत म्हणतात, आणि विचारून राहिलं मलाच.

मग तिनं एक भलताच प्रश्न विचारला. "जिस दिन मम्मीजी ने बोला छलाँग गई, उस दिन हार कौन रहा था?"

मी आठवलं. त्या दिवशी माझ्याकडे वजीर होता, दोन्ही हत्ती होते. साळ्याकडे चार प्यादी आणि एक लंगडा घोडा. "हा हरत होता," मी म्हटलं. "पण शेवटी जिंकला, ती उडी गेल्यामुळे."

"और मामाजी, आपकी वाली में?"

साळ्यानं डोकं खाजवलं. "मीच हरत होतो म्हणायचं. भाऊजींनी सगळं खाऊन टाकलं होतं."

दोन डाव, दोन निकाल, आणि दोन्ही साळ्याच्या बाजूचे. मी उसळून म्हणालो, "म्हणजे माहेरचं माणूस म्हणून!" साळ्यानं लगेच तिसरा डाव काढला, ज्यात त्याच्याकडे सगळं सैन्य होतं आणि माझ्याकडे राजा नि एक प्यादं, आणि तिनं आतून सांगितलं होतं की शेवटचा मोहरा मारायचा नाही, राजाजवळ कोणीतरी पाहिजे. तो डाव मलाही आठवला. त्या प्याद्याचा पुढं वजीर झाला होता. मग चौथा निघाला, पाचवा निघाला. ती पटाकडे बघत नव्हती हे खरं, पण आमचे आवाज ऐकत होती. जो जास्त ओरडायचा तो हरत असायचा. त्याच्या बाजूनं निकाल लागायचा. इतकी वर्षं आम्ही ज्याला नियम समजत होतो, तो नियम नव्हताच. ती आमची समजूत काढत होती. लहान पोरांची काढतात तशी.

साळा म्हणाला, "ताईनं आपल्याला येडं बनवलं." मी म्हटलं, "तुला. मला माहीत होतं." माहीत काहीच नव्हतं.

सून मात्र खूश झाली. म्हणाली, हे तर एकदम सोपं आहे. आवाज कॉम्प्युटरला कळत नाही, पण मोहरे मोजता येतात. जिथं शंका, तिथं ज्याच्याकडे मोहरे कमी त्याच्या बाजूनं निकाल. दोघांकडे सारखे असतील तर कोणालाच सवलत नाही, शह आला की उडी गेली, आणि शेवटचा मोहराही मारता येईल. "चलो, मम्मीजी अंदर बैठ गईं," असं म्हणून तिनं कॉम्प्युटरच्या पाठीवर थाप मारली. मला ते आवडलं नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

दुपारी डाव बसला. खरे मोहरे खऱ्या पटावर, आणि आम्ही जी चाल खेळू ती सून कॉम्प्युटरमध्ये घालणार. बरोबर असेल तर हिरवा दिवा, चूक असेल तर टुंग. साळ्यानं पाहुण्याच्या सवयीनं लाल घेतले. मी काही बोललो नाही.

सुरुवातीला आम्ही नीट खेळलो. मग माझी एक घोडचूक झाली, माझा उंट त्यानं फुकट खाल्ला. पुढच्याच चालीला माझ्या राजावर शह आला, मी मधात प्यादं घातलं, आणि मग सहज बघू म्हणून राजाची उडी मारली. हिरवा दिवा! माझ्याकडे एक मोहरा कमी होता, म्हणून यंत्र माझ्या बाजूनं झालं होतं.

साळ्यानं ते पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि त्याच्या डोक्यात जे आलं तेच माझ्याही डोक्यात आलं.

त्यानं आपला घोडा उचलला आणि माझ्या हत्तीच्या तोंडासमोर नेऊन ठेवला. "घ्या भाऊजी."

"मला नको."

"अहो घ्या, घोडा आहे."

"पोट भरलं. तूच घे, हे प्यादं बघ किती छान उभं आहे."

"प्यादं मला सोसत नाही."

मी वजीर पुढं केला. त्यानं वजिराकडे पाहिलंही नाही, आपला हत्ती माझ्या प्याद्यांच्या मधात आणून सोडला. थोड्या वेळानं पटावर अशी अवस्था झाली की जिकडे तिकडे मोहरे एकमेकांच्या तोंडात उभे आणि कोणी कोणाला खात नाही. सून बघतच राहिली. "आप लोग शतरंज खेल रहे हो कि बारात को जलेबी परोस रहे हो?"

पण आग्रह करायचाही एक मार्ग असतो. पंगतीत पाहुणा नको म्हणतो तेव्हा वाढणारा काय करतो? पानावर टाकूनच पुढं जातो. मी माझा हत्ती नेऊन त्याच्या राजाला चिकटून ठेवला. शह. राजाला पळायला जागा नाही, हत्ती खाल्ल्याशिवाय सुटका नाही. टुंग वाजल्याशिवाय त्याला दुसरी कुठलीच चाल खेळता येईना.

"ही जबरदस्ती झाली," साळा म्हणाला.

"खा गुपचूप."

त्यानं खाल्ला, आणि लगेच उलट मला वजीर वाढला, तोही शह देऊन. मी तो गिळला. मग दे दणादण. दोघं म्हातारे मोहरे उचलून एकमेकांच्या अंगावर फेकतो आहोत आणि जो खातो त्याचं तोंड कडू होतं आहे. मुलगा बाहेरून आला, दारात उभा राहून बघत होता. त्यानं विचारलं कोण जिंकून राहिलं. सून म्हणाली, "दोनों हारने की कोशिश में हैं."

अशी फेकाफेकी होता होता शेवट जवळ आला. माझ्याकडे राजा आणि एक उंट. त्याच्याकडे राजा, एक हत्ती आणि एक प्यादं. माझ्याकडे कमी. म्हणजे सवलत माझी, म्हणजे माझा उंट शेवटचा मोहरा असल्यामुळं त्याला कोणी हात लावू शकत नव्हतं. साळ्यानं हत्तीनं उंट मारून पाहिला. टुंग. पुन्हा मारला. टुंग. "मरत नाही तो," मी म्हटलं. "अमर आहे." मी उंट घेऊन पटभर हिंडलो. हत्तीच्या नाकासमोर जाऊन उभा राहिलो. शह दिला, पुन्हा शह दिला. साळा चिडून लाल झाला होता. त्याचा राजा एकेक घर सरकत होता आणि मी मागं मागं. असाच शह देत राहिलो असतो तर डाव कधीच संपला नसता आणि मोहरे घरातच राहिले असते. एवढंच करायचं होतं. काही न खाता नुसतं हिंडायचं.

पण त्याचं प्यादं माझ्या उंटाच्या वाटेत आलं. कडेला, एकटं; पाठीला लांबून हत्ती होता, पण अमर उंटाला हत्तीची काय भीती. बायको माझ्याबद्दल म्हणायची, यांना दिसलं की तोंडात. सगळ्या जन्मात मी पुढ्यात आलेली वस्तू कधी सोडली नाही. मी खाल्लं. हिरवा दिवा लागला. मी साळ्याकडे बघून हसलो.

तो हसत नव्हता. तो बोटांनी मोजत होता. त्याच्याकडे राजा आणि हत्ती. माझ्याकडे राजा आणि उंट.

"सारखे," तो हळूच म्हणाला, आणि हत्ती उचलून माझ्या उंटावर ठेवला.

मी टुंग ऐकायला थांबलो. टुंग वाजलं नाही. हिरवा दिवा लागला. उंट मेला, माझा राजा एकटा उरला, आणि कॉम्प्युटरवर अक्षरं आली ती सुनेनं वाचून दाखवली: बुर्ज. लाल की आधी जीत.

पहिला मी ओरडलो. म्हणालो, अर्धी जीत म्हणजे जीत नव्हे, मोहरे इथेच राहतील. साळा म्हणाला, अर्धी जीत म्हणजे हारही नव्हे, अर्धे मोहरे मला. दोघंही कॉम्प्युटरकडे वळलो. सून म्हणाली, "मुझे मत देखो. आपने ये तो बताया ही नहीं था कि आधी जीत में क्या मिलेगा." आणि खरंच, ते ठरवायचं कोणाला सुचलंच नव्हतं. आमच्या पूर्वीच्या डावांत जिंकून काही मिळायचं नाही. जिंकणारा हात धुवायचा आणि जेवायला बसायचा.

"ठीक आहे," मी म्हटलं. "अर्धे तर अर्धे. हिरवे घेऊन जा."

"जिंकले लाल, भाऊजी."

"लाल तिचे आहेत."

"म्हणूनच."

मी म्हटलं, तुला ते कशाला पाहिजेत, घरी तुझ्याशी खेळायला कोण आहे, कपाटात ठेवून देशील. आणखी बरंच बोललो, ते लिहीत नाही. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "तुमच्याकडे तिचं सगळं घर आहे. तिचा पाट, तिचं पोळपाट-लाटणं, तिच्या हातचं लोणचं अजून बरणीत आहे, काल पानात वाढलं मला. माझ्याकडे काय आहे? एक फोटो आहे. त्यातही तिचे डोळे मिटलेले आले."

मी पिशवी जवळ ओढली.

लाल मोहरे मीच पिशवीत भरले. त्यानं भरायला घेतले होते, पण तो हत्तीवर घोडा कसाही कोंबून राहिला होता, लाख उडाली असती. वजीर सगळ्यात शेवटी, वरती ठेवला. पिशवी मखमली, दोघांपैकी एकालाच मिळणार, ती त्यालाच दिली. हिरवे मी एका जुन्या उशीच्या खोळीत ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नागपूरच्या बसनं गेला. बसमध्ये पिशवी मांडीवर धरून बसला होता, बाजूच्या माणसाचा तिला धक्का लागू दिला नाही.

त्या दुपारी मी पट मांडला. हिरवे लावले. समोरची घरं रिकामी. उठून पलीकडे गेलो, बसलो, आणि तिथून माझ्याच सैन्याकडे बघत राहिलो. सून खोलीत आली, काही न बोलता गेली, आणि बाजारातून प्लॅस्टिकचा संच घेऊन आली. मी तो उघडलाही नाही. मग मला सुचलं आणि डब्यातल्या सुपाऱ्या काढल्या. प्याद्यांना बारक्या, हत्तींना जाड, घोड्यांना फोडलेल्या. वजिराला एक चांगली गोल, चिकणी. ते जमलं थोडंफार.

आणि काही दिवसांनी साळ्याचा फोन. इकडचं तिकडचं बोलून झालं, मग म्हणाला, "भाऊजी, मी लाल लावले. समोर हिरवे नाहीत."

"मग?"

"समोर बटणं ठेवली आहेत. दुकानातली होती घरात. पण बटणं काय खेळतील? तुम्ही सांगा, मी हलवतो."

तेव्हापासून दुपारी फोन येतो. मी माझी चाल सांगतो, तो तिकडे बटण सरकवतो. तो त्याची सांगतो, मी इकडे सुपारी सरकवतो. लाल तिकडे आहेत आणि चालवतो तो, पण काय सांगू, अधूनमधून अशी चाल येते की मी फोनवरच विचारतो, ही तुला कशी सुचली? तो म्हणतो, काहून, मला सुचू नये? घरची खोड असेल. सुनेनं विचारलं, कॉम्प्युटर लावून देऊ का, दोघांना एकच पट दिसेल. दोघांनीही नको म्हटलं. त्याला परत नियम कोण सांगत बसेल.

काल मात्र भानगड झाली. डाव रंगात होता, मी जरा पाणी प्यायला उठलो. मुलगा जेवून हात पुसत आला आणि पटावरची गोल सुपारी उचलून अडकित्त्यानं फोडून तोंडात टाकली. मी परत आलो तर लाल वजीर नाही. मुलगा म्हणतो, "बाबा, मला काय माहीत, सुपारी होती."

साळा फोनवर वाट बघत होता. मी म्हटलं, "तुझा वजीर गेला."

"कसा गेला? कोणी मारला?"

"तुझ्या भाच्यानं खाल्ला."

"असं नसतं भाऊजी. माझ्याकडे वजीर उभा आहे. हा काय, माझ्यासमोर आहे, हात लावून बसलो आहे मी."

"तुझ्याकडे असेल. इथं नाही. इथं मला रिकामं घर दिसून राहिलं. मी त्या घराला कसा भिऊ?"

"तुम्हाला दिसत नाही म्हणून तो नाही का? तो आहे. शह देऊन राहिला तुम्हाला."

मी त्या रिकाम्या घराकडे पाहिलं. मग मी राजा एक घर बाजूला सरकवला.

"सरकलो," मी म्हटलं. "पुढं खेळ."